वर्ड आपले का ऐकत नाही? मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सेटिंगची उकल

मायक्रोसॉफ्टने जुलै २०२३ मध्ये जाहीर केले, की वर्डमध्ये नवी फाईल उघडल्यावर आपोआप मिळणारा फॉन्ट यापुढे कॅलिब्री नसेल, तर ॲप्टोस असेल. २००७ च्या आवृत्तीत टाइम्स न्यू रोमनची जागा घेतलेला कॅलिब्री पंधरा वर्षांहून अधिक काळ तिथे होता. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांच्या संगणकांवर हा बदल हळूहळू पोहोचला आणि अनेकांना त्याचा पत्ता लागला तो वेगळ्याच वाटेने. जुन्या पत्रातला परिच्छेद नव्या फाईलमध्ये आणला, तर वरचा मजकूर एका वळणाचा आणि खालचा दुसऱ्याच वळणाचा दिसू लागला.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत गोंधळ आणखी एका पायरीने वाढतो, कारण कॅलिब्रीत काय किंवा ॲप्टोसमध्ये काय, देवनागरी अक्षरेच नाहीत. आपण मराठी लिहू लागलो की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतो आणि तो कोणता उचलावा हे आपण कधी सांगितलेलेच नसते. मग शिक्षक प्रश्नपत्रिकेचा फॉन्ट दर वेळी नव्याने बदलतात, कार्यालयातला लिपिक प्रत्येक पत्राचा समास पुन्हा आखतो आणि दिवाळी अंकाच्या संपादकाकडे आलेल्या वीस लेखांचे वीस अवतार असतात. हे सगळे कष्ट टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही, पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: आपण केलेली सेटिंग नेमकी कुठे साठते.

सेटिंग साठते कुठे?

वर्डमधली प्रत्येक सेटिंग चारपैकी एका थरात राहते. पहिला थर म्हणजे खुद्द प्रोग्रॅम. फाईल मेनूतल्या ऑप्शन्समध्ये आपण जे ठरवतो, उदाहरणार्थ मापे इंचांत दाखवावीत की सेंटिमीटरमध्ये, ते या थरात जाते. त्याचा परिणाम आपल्या संगणकावरच्या आपल्या कामावर होतो. फाईल दुसऱ्याला पाठवली तर यातले बहुतेक काही तिच्याबरोबर जात नाही. दुसरा थर म्हणजे साचा, ज्याला वर्डमध्ये टेम्प्लेट म्हणतात. नवी कोरी फाईल ज्या नमुन्यावरून तयार होते तो हा नमुना असतो आणि वर्डमध्ये तो ‘नॉर्मल.डॉटएम’ (Normal.dotm) या नावाच्या एका लपलेल्या फाईलमध्ये असतो. तिसरा थर म्हणजे समोर उघडलेला दस्तऐवज आणि चौथा म्हणजे त्या दस्तऐवजातला निवडलेला मजकूर.

पेणच्या गणपती कारखान्यात साच्यातून मूर्ती काढतात. निघालेल्या एका मूर्तीचे वाकडे बोट हाताने नीट केले, तर ती एकच मूर्ती सुधारते. पुढची मूर्ती पुन्हा वाकड्या बोटाचीच निघते. साचा दुरुस्त केला, तर पुढच्या साऱ्या मूर्ती नीट निघतात, पण आधीच फळीवर मांडून ठेवलेल्या मूर्तींत काही फरक पडत नाही. वर्डबद्दलच्या बहुतेक तक्रारींची मुळे इथे आहेत. ‘रोज फॉन्ट बदलतो तरी दुसऱ्या दिवशी जुनाच येतो’ असे म्हणणाऱ्याने मूर्ती दुरुस्त केलेली असते, साचा नाही. ‘सेटिंग बदलली तरी कालच्या फाईली तशाच आहेत’ असे म्हणणाऱ्याने साचा दुरुस्त केलेला असतो आणि त्याची अपेक्षा मात्र जुन्या मूर्ती बदलण्याची असते.

म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा बदल मला या शब्दापुरता हवा आहे, या फाईलपुरता हवा आहे, की यापुढच्या प्रत्येक फाईलसाठी हवा आहे? उत्तर तिसरे असेल, तर वरच्या पट्टीवरचे फॉन्टचे खोके उघडून उपयोग नाही.

जी चौकट कोणी वाचत नाही

यापुढच्या प्रत्येक फाईलचा फॉन्ट ठरवण्याची वर्डमधली वाट अशी आहे. कोरी फाईल उघडून कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबावीत. फॉन्टची मोठी चौकट उघडते. तिच्यात हवा तो फॉन्ट आणि आकार निवडून डाव्या कोपऱ्यातले ‘सेट ॲज डीफॉल्ट’ हे बटण दाबावे. डीफॉल्ट म्हणजे आपण काही सांगितले नाही तर वर्ड जे गृहीत धरतो ते. बटण दाबल्यावर एक छोटी चौकट येऊन विचारते, की हा बदल फक्त या दस्तऐवजासाठी करायचा, की नॉर्मल साच्यावर आधारलेल्या सर्व दस्तऐवजांसाठी. या चौकटीत पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो. घाईत असलेला माणूस ओके दाबून मोकळा होतो आणि आपण साचा बदलला या समजुतीत एकच फाईल बदलून बसतो.

त्या ठिकाणी क्षणभर थांबून दुसरा पर्याय निवडणे, इतकेच करायचे आहे. परिच्छेदाच्या चौकटीत आणि पानाच्या मांडणीच्या चौकटीतही हेच ‘सेट ॲज डीफॉल्ट’ बटण असते. परिच्छेदाचे बटण असाच प्रश्न विचारते, पानाच्या मांडणीचे मात्र नॉर्मल साच्यावरच्या सर्व नव्या फाईलींसाठी बदल करायचा का, एवढेच विचारते. फॉन्ट, ओळींतले अंतर आणि पानाचा आकार या तीन गोष्टी या मार्गाने एकदा ठरवल्या, की रोजच्या त्रासातला मोठा वाटा संपतो.

पानाच्या आकाराकडे तर आवर्जून पाहावे. संगणकाचा प्रदेश अमेरिका असा ठेवलेला असेल, तर नवी फाईल अमेरिकी लेटर आकाराच्या कागदावर उघडू शकते. हा कागद २१६ गुणिले २७९ मिलिमीटरचा असतो आणि आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ए-४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा. पडद्यावर फरक जाणवत नाही. छापताना मात्र पाने वेगळ्याच जागी तुटतात, अर्जाची सही पुढच्या पानावर जाते आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी वाट थोडी निराळी आहे. तिथे हवी तशी कोरी फाईल तयार करून फाईल मेनूतून ती साचा म्हणून जतन करायची आणि जतन करताना ‘सेट ॲज डीफॉल्ट टेम्प्लेट’ या खुणेवर टिचकी मारायची. वैयक्तिक मत विचाराल तर ही पद्धत अधिक स्वच्छ आहे, कारण साचा कसा दिसतो ते आपण डोळ्यांनी पाहून मगच पक्का करतो. गूगल डॉक्समध्ये फॉरमॅट मेनूतल्या परिच्छेद शैलींच्या पर्यायांत ‘सेव्ह ॲज माय डीफॉल्ट स्टाइल्स’ असते, कामही तेच.

एका मजकुराला दोन फॉन्ट कसे?

आता मराठीच्या खास अडचणीकडे वळू. रोमन लिपीत एका बटणाला एक अक्षर असते आणि ती एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीत असे चालत नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी देतो, पण पडद्यावर वेलांटी क च्या आधी दिसावी लागते. ‘क्ष’ मध्ये दोन व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि ‘र्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. अशी फेरमांडणी ज्या लिपींना लागते त्यांना संगणकाच्या परिभाषेत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतात. आपण या लेखात त्यांना मिश्र लिपी म्हणू. देवनागरीबरोबर अरबी आणि थाई यांसारख्या लिपीही याच गटात येतात.

वर्ड आणि रायटर हे दोन्ही प्रोग्रॅम प्रत्येक मजकुरासाठी निदान दोन फॉन्ट लक्षात ठेवतात: एक रोमनसाठी आणि एक मिश्र लिपीसाठी. त्यांचे आकारही वेगवेगळे नोंदवलेले असतात. आपण पट्टीवर ‘ॲप्टोस, १२’ असे वाचतो तेव्हा तो बहुधा रोमनचा हिशेब असतो. मराठीचा हिशेब दुसऱ्याच वहीत चालू असतो. ‘मी फॉन्ट बदलला, इंग्रजी बदलले, मराठी जागचे हलले नाही’ या तक्रारीचे कारण हेच.

वर्डमध्ये हा दुसरा कप्पा बऱ्याचदा दिसतच नाही. फाईल, ऑप्शन्स, लँग्वेज या वाटेने जाऊन लेखनाच्या भाषांत मराठी जोडावी आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडावा. मग कंट्रोल-डीच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग येतो आणि तिथे मराठीचा फॉन्ट व आकार निवडता येतो. रायटरमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि मग भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडावी, त्यानंतर रायटरच्या मूळ फॉन्टांच्या यादीत या लिपीचे वेगळे पान मिळते.

फॉन्ट कोणता घ्यावा, हा आवडीचा प्रश्न असला तरी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विंडोजवर मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह आणि निर्मला यूआय हे देवनागरी फॉन्ट मिळतात. निर्मला सोडून बाकीचे विंडोज १० पासून पूरक फॉन्टांत गेले आहेत, आणि विंडोजमध्ये देवनागरीची भाषा जोडल्यावर ते उपलब्ध होतात. मोफत मिळणाऱ्या फॉन्टांत मुंबईच्या एकटाइप या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) आणि गूगलचा ‘नोटो’ हे रोजच्या कामाला उत्तम आहेत. आकड्यावर मात्र विसंबू नये. कोकिलाचा १२ हा मंगलच्या १२ पेक्षा डोळ्यांना बराच लहान दिसतो, कारण अंक सारखा असला तरी त्या चौकटीत अक्षर किती मोठे काढायचे ते फॉन्ट घडवणारा ठरवतो. म्हणून रोमन ११ आणि देवनागरी १४ असे दोन वेगळे आकडे ठेवून इंग्रजी-मराठी मिश्र ओळ एकसारखी दिसते का, ते छापून पाहावे.

याच ठिकाणी ओळींमधल्या अंतराचाही विचार करावा. देवनागरीला वर मात्रा आणि रफार असतो, खाली उकार आणि पायमोडकी अक्षरे असतात. परिच्छेदाच्या चौकटीत ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने घट्ट बांधले, तर वर्ड ती मर्यादा पाळण्यासाठी अक्षराचा वरचा भाग कापतो. ‘कर्तृत्व’मधला रफार नाहीसा झालेला दिसला, तर बहुतेक वेळा दोष टंकलेखनाचा नसून या सेटिंगचा असतो. ‘मल्टिपल’ हा पर्याय घेऊन १.१५ ते १.३ इतके अंतर ठेवले, की बहुतेक देवनागरी फॉन्ट सुटसुटीत बसतात.

लाल रेषांचे काय करायचे?

मराठी मजकुराखाली लाल नागमोडी रेषांचा सडा पडतो, म्हणून बरेच जण शुद्धलेखन तपासणी कायमची बंद करून टाकतात. तसे करण्यापूर्वी रेषा का उमटतात ते पाहणे योग्य ठरेल. वर्ड प्रत्येक शब्दावर त्याची भाषा नोंदवून ठेवतो. विंडोजमधला मराठी कीबोर्ड निवडून टाइप केले, तर सहसा मराठी अशी नोंद होते. पण मजकूर दुसरीकडून चिकटवला, तर त्यावर इंग्रजी किंवा हिंदी असा शिक्का असू शकतो. मग वर्ड मराठी शब्द हिंदी कोशात शोधतो आणि न सापडलेल्या प्रत्येक शब्दाला लाल रेघ मारतो. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू मेनूतून तपासणीची भाषा मराठी केली, की निम्म्या रेषा तिथेच जातात. मराठीचे तपासणी साधन संगणकावर नसेल तर ते आधी उतरवून घ्यावे लागते.

उरलेल्या रेषांचे कारण आपल्या व्याकरणात आहे. ‘घर’ या शब्दाची घराला, घरातून, घरासमोर, घरासमोरच्या, घरासमोरचीच अशी कितीतरी रूपे होतात आणि ती सगळी कोशात असणे अवघड असते. आपण ‘ॲड टू डिक्शनरी’ म्हणतो तेव्हा फक्त ते एकच रूप जमा होते. त्यामुळे विशेषनामे आणि आपल्या विषयातल्या संज्ञा यांची वारंवार येणारी रूपे टप्प्याटप्प्याने जमा करणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. लेखन चालू असताना रेषांनी लक्ष विचलित होत असेल, तर ऑप्शन्समधल्या प्रूफिंग विभागात टाइप करतानाची तपासणी बंद ठेवावी आणि मसुदा पूर्ण झाल्यावर एफ-७ दाबून एकदाच सगळे तपासावे. मला ही पद्धत अधिक आवडते. लिहिण्याचा वेळ आणि तपासण्याचा वेळ वेगळा राहतो.

भाषेच्या नोंदीचा आणखी एक परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही वळणे मानली आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. काही युनिकोड फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा पाहून योग्य ते वळण दाखवले जाते. अशा फॉन्टात रायटरमध्ये मजकुराची भाषा हिंदी ठेवली तर ल एका प्रकारे दिसतो, मराठी केली तर दुसऱ्या प्रकारे. एक अक्षरही न खोडता सबंध पानाचे रूप बदलते. पाठ्यपुस्तके किंवा शासकीय मजकूर तयार करणाऱ्यांनी याकडे जरूर लक्ष द्यावे. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टात तर मराठी वळणेच मूळ म्हणून दिलेली आहेत.

ऑटोकरेक्टला शत्रू मानू नये

ऑटोकरेक्ट म्हणजे टाइप केलेला शब्द ओळखून त्याच्या जागी दुसरा शब्द घालणारी सोय. ‘1.’ लिहून जागा सोडली की आपोआप यादी सुरू होणे, संकेतस्थळाचा पत्ता निळा होणे अशा गोष्टी तिच्या शेजारच्या ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावर असतात आणि नको असतील तर तिथल्या खुणा काढून बंद करता येतात. प्रूफिंग विभागातल्या ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ या बटणातून दोन्ही पाने उघडतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना तिचा खरा उपयोग लघुरूपांसाठी होतो. ‘शानि’ लिहून जागा सोडली की ‘शासन निर्णय’ उमटावे, अशी जोडी आपण यादीत घालू शकतो. मात्र लघुरूप निवडताना ते मराठीतला स्वतंत्र शब्द नाही याची खात्री करावी. ‘महानगरपालिका’साठी ‘मन’ ठेवले, तर कुठल्याही वाक्यातल्या मनाच्या जागी महानगरपालिका येऊन बसेल. दुसरी अडचण प्रत्ययांची. ऑटोकरेक्ट अख्खा शब्द जुळला तरच काम करतो, त्यामुळे ‘शानिनुसार’ लिहिले तर काहीच होत नाही. उपाय सरळ आहे: जी रूपे आपल्या लेखनात खरोखर येतात, त्यांच्या वेगळ्या जोड्या कराव्यात, जसे ‘शानिनु’ म्हणजे ‘शासन निर्णयानुसार’. ही यादी भाषेनुसार वेगळी ठेवली जाते, म्हणून जोडी घालताना मजकुराची भाषा मराठी आहे ना, ते पाहून घ्यावे.

एकसारखी दिसणारी पण वेगळी असणारी अक्षरे हाही ऑटोकरेक्टने सोडवण्याजोगा प्रश्न आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी आणि नंतरही अनेकांनी ते अ वर अर्धचंद्र ठेवून लिहिले. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती निराळी वाटतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲप’ हा शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही आणि ‘सगळीकडे बदला’ म्हटले तर अर्धेच शब्द बदलतात. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या र चेही असेच दोन मार्ग आहेत: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून. एक पद्धत ठरवावी, दुसरी आढळली की तिचे पहिलीत रूपांतर होईल अशा जोड्या वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी यादीत घालाव्यात आणि जुन्या मजकुरात शोध-बदल करून घ्यावा. कीबोर्डवर ॲ सापडत नसेल, तर वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबावे. अंकांच्या जागी ॲ येतो.

चिकटवलेला मजकूर आणि शैली

जुळवलेले सगळे बिघडते ते बहुधा चिकटवताना. वेबपानावरून किंवा दुसऱ्याच्या फाईलमधून आणलेला मजकूर आपला फॉन्ट, रंग आणि भाषेचा शिक्का बरोबर घेऊन येतो. ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड विभागात, कापणे आणि चिकटवणे यांच्या भागात, इतर प्रोग्रॅममधून येणाऱ्या मजकुरासाठी ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ हा पर्याय ठेवावा. ठळक आणि तिरपी अक्षरे त्यात जातात, हे खरे. पण संपादनाच्या कामात ते नुकसान परवडते.

याला जोडूनच स्टाइल ही कल्पना येते. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांच्या एकत्र गुणांना दिलेले नाव, जसे हेडिंग १ किंवा नॉर्मल. प्रत्येक उपशीर्षक निवडून ठळक करण्याऐवजी त्याला हेडिंग २ ही स्टाइल द्यावी. नंतर सगळी उपशीर्षके थोडी लहान करावीशी वाटली, तर स्टाइल एकदा बदलली की पुरे. शिवाय अनुक्रमणिका आपोआप तयार होते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला याचे मोल शेवटच्या आठवड्यात कळते. स्टाइल बदलताना चौकटीच्या तळाशी ‘न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट’ असा पर्याय असतो. तो निवडला तर बदल साच्यात जातो, न निवडला तर त्या फाईलपुरता राहतो. स्टाइलमध्येही रोमन आणि मिश्र लिपीचे कप्पे वेगळे असतात, त्यामुळे त्या चौकटीतल्या फॉरमॅट बटणातून फॉन्टची पूर्ण चौकट उघडून दोन्ही कप्पे भरावेत.

फाईल दुसऱ्याकडे गेली की सगळे बदलणारच ना?

ही शंका रास्त आहे, पण अर्धीच खरी. फाईलमध्ये फॉन्टचे नाव जाते, फॉन्ट जात नाही. समोरच्याकडे तो नसेल तर दुसरा फॉन्ट वापरला जातो आणि पाने इकडची तिकडे होतात. यावर उपाय आहेत. वर्डच्या ऑप्शन्समधल्या सेव्ह विभागात फॉन्ट फाईलमध्येच समाविष्ट करण्याची सोय आहे. रायटरमध्ये ती फाईल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये मिळते. फाईल त्यामुळे जड होते आणि काही फॉन्टांच्या परवान्यात याला मुभा नसते. समोरच्याने फक्त वाचायचे असेल, तर पीडीएफ पाठवणे सर्वांत सोपे.

जुन्या फॉन्टांत काम नीट चालले आहे, मग कशाला?

कृतिदेव, जुनी श्रीलिपी अशा फॉन्टांत वर्षानुवर्षे काम केलेल्यांचा हात त्यावर बसलेला असतो आणि छपाईच्या कामात ते आजही चालतात. पण या फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी डीच्या बटणावर क चा आकार असतो आणि संगणकाच्या लेखी ते अक्षर डीच राहते. त्यामुळे वर सांगितलेल्यापैकी भाषेची नोंद, शुद्धलेखन तपासणी आणि मिश्र लिपीचा कप्पा या गोष्टी अशा मजकुराला लागू होत नाहीत. उलट वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणारी इंग्रजीची सोय मराठी शब्द बिघडवते. जे फक्त छापायचे आहे ते चालू द्यावे. जे शोधायचे, पाठवायचे, जतन करायचे आहे ते युनिकोडमध्येच लिहावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या हाताला सोयीचे वाटावेत असे युनिकोड कीबोर्डही मिळतात आणि मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टाइप करण्याचा मराठी कीबोर्डही आहे.

अपडेट आले की सगळे पुसले जाईल का?

साचा आपण बदललेला असेल तर अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. धोका दुसरीकडे आहे. संगणक फॉरमॅट केला किंवा नवा घेतला, तर नॉर्मल साचा जातो. तो सापडला नाही की वर्ड काही न बोलता मूळ सेटिंगचा नवा साचा तयार करतो. म्हणून सगळे मनासारखे जुळल्यावर नॉर्मल.डॉटएमची एक प्रत काढून ठेवावी. विंडोजमध्ये ती आपल्या खात्याच्या ॲपडेटा फोल्डरात, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट आणि टेम्प्लेट्स या क्रमाने सापडते. प्रत काढताना किंवा परत ठेवताना वर्ड बंद असावा.

याच निमित्ताने सेव्ह विभागातला ऑटोरिकव्हरचा आकडाही पाहून घ्यावा. वीज गेली तर मजकूर परत मिळावा म्हणून वर्ड ठरावीक वेळाने प्रत काढतो आणि हा वेळ मुळात १० मिनिटांचा असतो. भारनियमनाच्या गावात तो ३ मिनिटांवर आणलेला बरा.

संगणक कार्यालयाचा आहे, सेटिंग माझ्या हातात नाही

अशा वेळी साचा स्वतंत्र फाईल म्हणून जवळ ठेवावा. हवी तशी कोरी फाईल तयार करून ‘सेव्ह ॲज’मध्ये वर्ड टेम्प्लेट हा प्रकार निवडला, की ‘डॉटएक्स’ (.dotx) शेपटीची फाईल मिळते. पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलमध्ये ती ठेवता येते. कोणत्याही संगणकावर तिच्यावर दोनदा टिचकी मारली, की मूळ साचा न उघडता त्यावर आधारलेली नवी, बिननावाची फाईल उघडते. पानाचा आकार, समास, स्टाइल, दोन्ही लिप्यांचे फॉन्ट आणि आकार तिच्यात असतात. फक्त तो फॉन्ट त्या संगणकावर असावा लागतो, म्हणून अशा साच्यासाठी निर्मला यूआयसारखा विंडोजबरोबरच येणारा फॉन्ट निवडणे शहाणपणाचे.

ऑटोकरेक्टची यादी मात्र या साच्याबरोबर जात नाही. ती त्या त्या संगणकावरच्या खात्यात राहते. ठरलेला मायना, संदर्भ क्रमांकाची ओळ, ‘आपला विश्वासू’नंतरचे नाव आणि पद असा पुन्हा पुन्हा लागणारा मजकूर त्यामुळे वेगळ्या मार्गाने साठवावा. तो मजकूर निवडून इन्सर्ट मेनूतल्या क्विक पार्ट्समध्ये ऑटोटेक्स्ट म्हणून जतन करताना ‘सेव्ह इन’ या खोक्यात नॉर्मलऐवजी आपल्या साच्याचे नाव निवडावे; हे करताना तो साचाच संपादनासाठी उघडलेला असावा. मग तो मजकूर साच्यातच राहतो आणि साचा जाईल तिथे क्विक पार्ट्सच्या यादीत मिळतो.